नकाशाआधी गाव पाहणारा नगररचनाकार

गावाच्या मध्यातून रुंद रस्ता काढायचा, दाटीची वस्ती हलवायची, जुने तळे बुजवायचे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानातील नगरपालिका, सरकारी अधिकारी आणि संस्थानिक अशा योजनांवर सर पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला मागत असत. मागेल तसा आराखडा काढून देणे मात्र गेडिस यांच्या स्वभावात नव्हते. ते आधी गाव पायी हिंडत आणि मग अनेकदा मूळ योजनाच कशी चुकीची आहे, हे अहवालात नि:संकोचपणे मांडत.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. ते मुळात जीवशास्त्रज्ञ. लंडनला थॉमस हक्सले यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे कठीण झाले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दाम्पत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील एका पडक्या चाळवजा इमारतीत राहावयास गेले. शेजाऱ्यांच्या मदतीने रंगरंगोटी, डागडुजी आणि बागकाम करीत त्यांनी तो परिसर सुधारला. वस्ती न पाडताही सुधारता येते, हा धडा त्यांना तेथेच मिळाला.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज मात्र जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने बुडविले. अनेक वर्षे जमविलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. तरीही मायदेशातील सहकाऱ्यांच्या साह्याने नवे साहित्य जमवून जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरविण्यात आले. याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. देशातील अशा स्वरूपाचा तो पहिलाच कायदा होता.

पुढील काही वर्षांत गेडिस यांनी तंजावर, मदुरा, लाहोर, ढाका, लखनौ, बडोदे, बलरामपूर, नागपूर अशा अनेक शहरांचे अहवाल लिहिले. त्यांची पद्धत वैद्याची होती: आधी निदान, मग उपचार. सरळ रेषेत रस्ता आखून आड येणारी घरे पाडण्याऐवजी ते मोडकळीला आलेली मोजकीच घरे काढीत, त्या जागी छोटे चौक मोकळे करीत आणि झाडे लावावयास सांगत. खर्च वाचे आणि बेघर होणाऱ्यांची संख्याही घटे. पर्यायी घर न देता गरिबाचे घर पाडले, तर गर्दी केवळ शेजारच्या गल्लीत सरकते, असे त्यांचे म्हणणे होते. हिवतापाच्या भीतीने तळी बुजविण्यासही त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे आणि बदके सोडली की डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त होतो, असे ते सुचवीत.

होळकरांच्या इंदूरमध्ये १९१७ साली प्लेगचे संकट होते. त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा ठरलेला मार्ग बाजूला ठेवून, जे रस्ते रहिवासी सर्वाधिक स्वच्छ करतील त्यांवरूनच मिरवणूक जाईल, असे जाहीर करविले. शहर झाडूनपुसून निघाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिमा होती. अखेरीस तिचे दहन झाले. याच वर्षाने त्यांचे घर मात्र उद्ध्वस्त केले. थोरला मुलगा ॲलास्डेर फ्रान्समधील रणभूमीवर पडला आणि आजारी ॲना यांना ती वार्ता कळू न देताच त्यांना निरोप द्यावा लागला. तरीही इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये पूर्ण झाला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक गेडिसच होते. पुढे या विभागाची धुरा वाहणारे मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १९२४ मध्ये गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले.

त्यांच्या बऱ्याचशा सूचना कागदावरच राहिल्या. मोठी कामे आखून बसलेल्या अभियंत्यांना हा सल्लागार अडचणीचा वाटे, तर त्यांचे पाल्हाळिक अहवाल अधिकाऱ्यांना पेलत नसत. अपवाद तेल अवीवचा. १९२५ मध्ये त्यांनी आखलेल्या आराखड्यावर तेथील ‘श्वेतनगरी’ बरीचशी उभी राहिली आणि २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली.

१९३२ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यापूर्वी जमीन वापराची पाहणी करावी लागते आणि प्रारूपावर नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. या दोन्ही पायऱ्या केवळ मंजुरीचे सोपस्कार म्हणून उरकायच्या, की गाव समजून घेण्यासाठी वापरायच्या, हा गेडिस यांनी शतकापूर्वी उभा केलेला प्रश्न प्रत्येक नव्या आराखड्यापुढे कायम असतो.