होमी भाभा आणि वीस वर्षांचं भाकीत

फेल्डहोवनमध्ये प्लाझ्मा हा शब्द कुणाला फारसा नवीन नाही. तुमच्यापैकी काहींचे आई-बाबा दे रुन भागात, एएसएमएल कंपनीत काम करत असतील. तिथल्या सगळ्यात आधुनिक यंत्रांत वितळलेल्या कथलाचे, म्हणजे टिनचे, बारीक थेंब सोडतात. सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब! प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा होतो आणि थेंबाचा प्लाझ्मा बनतो. त्यातून निघणाऱ्या प्रकाशानं चिपवरची नक्षी उमटते. तो प्लाझ्मा लगेच विझतो, पण बिघडत काही नाही. पुढचा थेंब तयारच असतो.

पण प्लाझ्मा विझू न देता धरून ठेवायचा असेल तर? हा प्रश्न खूप अवघड आहे. १९५५ साली मुंबईच्या एका शास्त्रज्ञानं जगासमोर सांगून टाकलं, की हे वीस वर्षांत जमेल. त्यांचं नाव होमी जहांगीर भाभा.

होमीचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका सुखवस्तू पारशी घरात झाला. सुखवस्तू म्हणजे पैशाची चिंता नसलेलं. वडील वकील होते. घरात पुस्तकं होती आणि पाश्चात्त्य संगीताच्या भरपूर रेकॉर्ड होत्या. आत्येचं लग्न दोराबजी टाटांशी झालेलं. आत्येच्या नवऱ्याला मराठीत आतोबा म्हणतात. आतोबांचा जमशेदपूरला पोलादाचा मोठा कारखाना होता, त्यामुळे होमीनं इंजिनिअर होऊन तिथे जावं असं घरात ठरूनच गेलं होतं. १९२७ मध्ये तो केंब्रिजला गेला तो यासाठीच.

तिथे त्याचं मन बदललं. त्याला भौतिकशास्त्राची, म्हणजे फिजिक्सची ओढ लागली. त्यानं वडिलांना तसं पत्र लिहिलं. वडील रागावले नाहीत, पण त्यांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग गणित शीक, खर्च मी करतो. १९३० मध्ये होमीनं अट पुरी केली. १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग मिळवला. (तुमच्या घरीही असा काही वाद चालू असेल, तर हा करार बाबांना दाखवायला हरकत नाही.)

गणितासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ते युरोपात फिरले : झ्युरिकला पाउली, रोमला फर्मी, आणि आपल्या इथे उट्रेख्तला क्रामर्स. फेल्डहोवनहून गाडीनं तास-सव्वातासावरच्या त्या गावात हा विशीतला मुंबईकर काही काळ शिकत होता. पुढे वैश्विक किरणांवर, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या कणांवर, त्यांनी महत्त्वाचं काम केलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होतं याचं गणित आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहून गेलं. बंगळूरमध्ये ते सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम करू लागले. हळूहळू त्यांना वाटू लागलं, की चांगलं संशोधन करायला परदेशीच गेलं पाहिजे असं नाही, तशी संस्था इथेच उभी करता येईल. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. ती मुंबईत आली तेव्हा सुरुवातीला पेडर रोडवरच्या एका बंगल्यात भरायची. होमींचा जन्म त्याच बंगल्यात झाला होता. नंतर तिची कुलाब्याला समुद्रकाठी मोठी इमारत झाली. भाभा स्वतः चित्रं काढत, त्यामुळे भिंतींसाठी त्यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेतली. बांधकामाच्या आड येणारी झाडं ते तोडू देत नसत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला सांगत.

पुढे तुर्भे इथे अणुऊर्जेचं केंद्र झालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९५५ मध्ये, जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद भरली होती. विषय होता, अणुशक्तीचा शांततेसाठी उपयोग. ७३ देशांचे लोक जमले होते आणि अध्यक्ष होते भाभा. तेव्हा अणुभट्ट्या चालत त्या विखंडनावर, म्हणजे जड अणू फोडून. भाभांनी भाषणात दुसऱ्याच गोष्टीला हात घातला : संमीलन. म्हणजे हलके अणू एकमेकांत मिसळवणं, जसे सूर्याच्या पोटात मिसळतात. त्यासाठी लागणारा जड हायड्रोजन समुद्राच्या पाण्यात आहे. ही ऊर्जा ताब्यात ठेवून वापरायची पद्धत वीस वर्षांत सापडेल, असं भाकीत त्यांनी केलं. भाकीत म्हणजे पुढे काय होईल ते आधीच सांगणं.

सभागृहात खळबळ उडाली. कारण अमेरिका, ब्रिटन आणि रशिया हेच संशोधन गुपचूप करत होते! भाभांच्या भाषणानंतर असं काम चालू असल्याची कबुली हळूहळू बाहेर येऊ लागली. १९५८ मध्ये जिनिव्हालाच दुसरी परिषद झाली, तेव्हा या देशांनी आपले कागद उघडे केले.

आणि मग खरा वाद रंगला. पृथ्वीवर संमीलन करायचं तर प्लाझ्मा १० कोटी अंशांच्याही वर तापवावा लागतो. तेवढी उष्णता सोसेल असं भांडं जगात नाही. म्हणून चुंबकांचं अदृश्य भांडं करायचं. पण त्याचा आकार कसा असावा?

दिवाळीचा फराळ आठवा. सरळ नळीत प्लाझ्मा भरला तर तो दोन्ही टोकांतून निसटतो. टोकं जोडून कडबोळं केलं तर टोकंच उरत नाहीत. पण कडबोळ्यात चुंबकाचा जोर आतल्या बाजूला जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी असतो, म्हणून प्लाझ्मा बाहेर सरकतो. त्यावर उपाय म्हणजे चुंबकाच्या रेषांना दोरीसारखा पीळ द्यायचा. अमेरिकेतले लायमन स्पिट्झर म्हणाले, पीळ बाहेरून द्या, नळी आणि तिच्याभोवतीच्या तारा वाकवून. हा स्टेलरेटर. रशियातल्या टाम आणि साखारोव यांनी सुचवलं, की प्लाझ्मातूनच वीज सोडा, म्हणजे पीळ आपोआप पडेल. हा टोकामाक. ब्रिटिशांचं तिसरंच होतं. त्यांच्या झीटा यंत्रात विजेच्या जोरानं प्लाझ्मा चिमटीत धरायचा होता. जानेवारी १९५८ मध्ये त्यांनी यशाची बातमी जाहीर केली आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. दिसले होते ते कण उष्णतेमुळे झालेल्या संमीलनातून आलेच नव्हते.

सगळीकडे अनुभव एकच. प्लाझ्मा वळवळायचा, फुगायचा, भांड्यातून निसटायचा.

भाभांचं चुकलं ते इथे. पण ते उगाच बोलले नव्हते असं मला वाटतं. विखंडनाचा शोध लागल्यावर चार वर्षांत, १९४२ मध्ये, शिकागोत पहिली अणुभट्टी चालली होती. त्या हिशेबानं वीस वर्षं म्हणजे चांगली ऐसपैस मुदत होती. शिवाय भारतातल्या खेड्यांत तेव्हा चुली लाकडांवर आणि शेणाच्या गोवऱ्यांवर पेटायच्या. अशा देशातून आलेल्या माणसाला घाई असणारच.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाला उतरणार होतं. उतरण्याआधीच ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातलं कुणीच वाचलं नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. ज्या गावात त्यांनी भाकीत केलं, त्या गावाच्या इतक्या जवळ ते गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी रशियनांनी सांगितलं, की आमच्या टोकामाकमध्ये प्लाझ्मा १ कोटी अंशांपर्यंत तापला. झीटाचा धडा ताजा होता, कोण विश्वास ठेवणार? १९६९ मध्ये ब्रिटिशांचा एक गट लेसर घेऊन मॉस्कोला गेला आणि त्यानं स्वतः मोजलं. आकडा खरा निघाला. मग जगभर टोकामाक उभे राहू लागले. गांधीनगरजवळ ‘आदित्य’ १९८९ मध्ये सुरू झाला.

१९७५ आलं आणि गेलं. भाकीत खरं झालं नाही. आजही संमीलनाच्या विजेवर कुणाच्या घरातला दिवा लागत नाही.

आणि वादही मिटलेला नाही. फ्रान्समध्ये ‘ईटर’ नावाचा प्रचंड टोकामाक बांधला जातोय. त्यात भारतही भागीदार आहे. त्याच्याभोवतीच्या अवाढव्य पोलादी टाकीचे भाग गुजरातमधल्या हझिऱ्याहून जहाजानं गेले. तिथूनच जवळ फ्रान्सच्या ‘वेस्ट’ टोकामाकमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा २२ मिनिटं टिकला. पण टोकामाकमधली वीज कधी कधी अचानक तुटते आणि प्लाझ्मा भिंतीवर आपटतो. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला मोठा स्टेलरेटर आहे. त्याला ही भीती नाही, मात्र त्याची वेडीवाकडी चुंबकं बनवताना लोकांच्या नाकी नऊ आले.

भांडं कोणतंही घ्या, भिंतीला चटका बसतोच. तो किती सोसवेल हे तपासणारं एक यंत्र आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठाच्या आवारात आहे. त्याचं नाव मॅग्नम-पीएसआय. भिंतीसाठी निवडलेल्या धातूच्या तुकड्यावर ते प्लाझ्माचा झोत सोडतं आणि शास्त्रज्ञ बघत बसतात, तुकडा टिकतोय का. फेल्डहोवनहून ते सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.