आल्फ्रेड वेर्नर : सहा जागांचे कोडे



थोर रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांचा जन्म १८६६ साली फ्रान्समधील मुलूझ गावी झाला. झुरिचला शिकून ते तेथेच प्राध्यापक झाले. कोबाल्टच्या अणूभोवती सहा जागा असतात, वर, खाली आणि चार बाजूंना, असे त्यांनी १८९३ साली मांडले. चार जागी अमोनिया आणि दोन जागी क्लोरीन असेल, तर क्लोरीन शेजारी बसतील किंवा समोरासमोर. घटक तेच, पदार्थ दोन! हीच समघटकता.

हिरवा पदार्थ ठाऊक होता, दुसरा सापडेना. डेन्मार्कचे योर्गेन्सन यांना हे पटेना. अखेर १९०७ साली वेर्नर यांनी जांभळा पदार्थ तयार केला आणि योर्गेन्सन यांनी मोठ्या मनाने हार मानली. १९१३ साली वेर्नर यांना नोबेल मिळाले. १९१९ साली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते वारले.

मॉलिब्डेनमभोवती कार्बन मोनॉक्साइडचे सहा रेणू बसतात. त्यांतले दोन सुटून फॉस्फीन आले, तरी नियम तोच: शेजारी किंवा समोरासमोर.

आपणही घरी बटाट्याला सहा काड्या टोचू, दोन रंगवू आणि प्रकार मोजू. तिसरा सापडतो का पाहा!