चोरांसाठी थांबलेली आठ चित्रं

रात्रभर जागून तुम्ही एक रील बनवली. सकाळी बघता तर काय, तीच रील भलत्याच पेजवर! तुमचं नाव कापलेलं आणि लाइक्स मात्र तुमच्यापेक्षा जास्त. तेव्हा जी तिडीक मस्तकात जाते ना, तीच जवळपास तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या विल्यम होगार्थच्या मस्तकात गेली होती. फक्त तो चडफडत बसला नाही. त्याने कायदाच करून घेतला.

होगार्थचा जन्म १६९७ चा. वडील शिक्षक. त्यांनी ग्राहकांनी लॅटिनमध्ये गप्पा माराव्यात म्हणून कॉफी हाउस काढलं. ते बुडालं आणि कर्जापायी त्यांना तुरुंग बघावा लागला. पोरगा पुढे चांदीवर नक्षी कोरणाऱ्याच्या हाताखाली लागला. मग तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापायला लागला. १७२४ मध्ये त्याने शहरातल्या फॅशनेबल करमणुकीची टर उडवणारं चित्र स्वतःच छापून विकायला काढलं. थोड्याच दिवसांत त्याच्या नकला निम्म्या किमतीत दुकानांत झळकल्या आणि त्याच्या मूळ प्रती परत आल्या!

१७३२ मध्ये त्याने खेड्यातून लंडनला आलेल्या आणि वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या एका मुलीची गोष्ट सहा चित्रांत सांगितली. आजच्या भाषेत, ही मालिका तुफान व्हायरल झाली. एक गिनी भरून हजाराहून जास्त लोकांनी ती घेतली. पण नकला करणारे पुन्हा टपलेलेच होते.

आता मात्र होगार्थने आणखी काही कलाकारांना सोबत घेऊन थेट पार्लमेंटकडे अर्ज केला. १७३५ मध्ये कायदा झाला. स्वतःच्या कल्पनेतून चित्र कोरणाऱ्याला १४ वर्षांचा हक्क आणि चोरून छापलेल्या प्रत्येक प्रतीमागे पाच शिलिंग दंड. अट एवढीच, की पत्र्यावर नाव आणि तारीख हवी.

खरी गंमत पुढे आहे. बापाची दौलत उधळणाऱ्या तरुणाची आठ चित्रांची नवी मालिका तयार होती, पैसेही जमा झाले होते. तरी होगार्थने ती कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे २५ जूनपर्यंत रोखून धरली. चोरांनी काय करावं? ग्राहक बनून माणसं त्याच्या घरी पाठवली. त्यांनी चित्रं डोळ्यांत साठवली आणि आठवणीतून काढलेल्या नकला आधीच बाजारात आल्या! होगार्थनेही डोकं चालवलं. ज्यांचा खिसा लहान, त्यांच्यासाठी त्याने आपल्याच परवानगीची स्वस्त आवृत्ती काढली.

१७६४ मध्ये तो गेला. तीन वर्षांनी नव्या कायद्याने मुदत २८ वर्षांची केली आणि त्याची पत्नी जेन हिला त्याच्या चित्रांवर खास २० वर्षांचा हक्क दिला.

तुम्हाला पार्लमेंट गाठायची गरज नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यानुसार स्वतःचं चित्र, कविता किंवा व्हिडिओ तयार झाला की त्यावर कॉपीराइट लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही. चित्र-कवितेवर तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा, तारीख टाका. आणि हो, दुसऱ्याचं काही आवडलं, तर उचलण्याआधी त्याला एक मेसेज करून विचारा. तोही रात्रभर जागलेला असतो.