सावित्रीबाई आणि प्लेगची साथ

सावित्रीबाई फुले म्हटलं की मुलं लगेच सांगतात, "पहिल्या शिक्षिका!" पण त्यांचा मृत्यू कसा झाला, हे विचारलं तर बरीच मुलं गप्प बसतात. म्हणून हा छोटा पाठ.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात झाला. १८४८ साली जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. विधवांसाठी त्यांनी आपल्या घराचा आसरा खुला केला. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. १८६८ मध्ये फुले दांपत्याने घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला. १८९० मध्ये जोतीराव गेले, तरी सत्यशोधक समाजाचं काम बाईंनी थांबवलं नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला. काखेत, जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावायचा. लोक घरंदारं सोडून पळू लागले. दवाखान्यात नेतील या भीतीने काहीजण आजारी माणसाला घरातच लपवून ठेवत. जीव वाचवायची धडपड कोणीही करणारच, त्यात दोष नाही. पण ज्यांना एरवीही कोणी जवळ करत नव्हतं, त्यांना आता कोण उचलणार?

सावित्रीबाईंचं वय तेव्हा ६६. त्यांनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुलगा डॉक्टर, म्हणजे धोका त्यांना माहीत नव्हता असं नाही. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तशा त्या तिथे गेल्या. मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. मुलगा वाचला. बाईंना मात्र प्लेगने गाठलं. १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

हे धैर्य त्या दिवशी अचानक आलं नाही. ज्या बाईने जवळजवळ ३० वर्षांपूर्वी घरचं पाणी सगळ्यांसाठी मोकळं केलं, तिला त्या मुलाला पाठीवर घेताना जात आठवली नाही. साथ माणसाला नवीन मूल्यं देत नाही. आधीपासून जी रुजलेली असतात, तीच उघडी पडतात.

हा पाठ शिकवताना मुलांना धोका पत्करायला मात्र सांगू नका. करोनाच्या काळात मास्क आणि अंतर गरजेचं होतंच. काळजी घ्यावी, पण आजारी माणसाला वाळीत टाकू नये, हा फरक मुलांना कळला पाहिजे. वर्गात एकच प्रश्न विचारा: आपल्या गल्लीत कोणी आजारी पडलं, तर स्वतःला जपून आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो? उत्तरं मुलांनाच शोधू द्या. घरी पालकांनीही हाच प्रश्न विचारावा.