लाल मातीला वैमानिकाचे नाव

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस जगभरच्या टेनिस रसिकांचे लक्ष पॅरिसच्या लाल मातीकडे लागते. महेश भूपतीने १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीच्या साथीने मिश्र दुहेरीचे विजेतेपद पटकावले आणि ग्रँड स्लॅम जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला, तेही याच मातीवर. फ्रेंच खुली स्पर्धा तिच्या स्टेडियमच्या नावाने, 'रोलाँ गॅरोस' म्हणूनच अधिक ओळखली जाते. त्यामुळे हा कुणी जुन्या जमान्यातला थोर टेनिसपटू असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात रोलाँ गॅरोस हा वैमानिक होता. टेनिसच्या इतिहासात त्याच्या खात्यावर एकही विजेतेपद नाही. त्याच्या नावाचे स्टेडियम उभे राहिले, तेव्हा त्याच्या मृत्यूला जवळजवळ दहा वर्षे लोटली होती.

गॅरोसचा जन्म ६ ऑक्टोबर १८८८ रोजी हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावर, सँ-दनी या गावी झाला. वडील वकील होते. रोलाँ लहान असतानाच हे कुटुंब सायगाव येथे स्थलांतरित झाले. पुढे शिक्षणासाठी मुलाला एकट्यालाच फ्रान्सला पाठविण्यात आले. तेथे न्यूमोनियाने त्याला गाठले. हवापालटासाठी त्याची रवानगी दक्षिणेकडील कान शहरी झाली. प्रकृती सुधारावी म्हणून त्याने सायकल चालवायला सुरुवात केली आणि १९०६ मध्ये तो शालेय सायकल शर्यतीत फ्रान्सचा विजेता झाला. पॅरिसच्या नामांकित वाणिज्य महाविद्यालयात शिकत असताना एमिल लेसिअर हा सहाध्यायी त्याला भेटला. रग्बीपटू असलेल्या लेसिअरमुळे गॅरोस 'स्ताद फ्रान्से' या क्रीडा संस्थेचा सदस्य झाला. या मैत्रीचे मोल पुढे इतिहासाला कळणार होते.

शिक्षण संपल्यावर गॅरोसने मोटारविक्रीचा व्यवसाय थाटला. मात्र ऑगस्ट १९०९ मध्ये ऱ्हँस शहराजवळ भरलेला विमानांचा मेळावा त्याने पाहिला आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. सांतोस-द्युमाँ यांनी रचना केलेले 'दम्वाझेल' हे चिमुकले विमान त्याने विकत घेतले आणि १९१० मध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला. त्यानंतर युरोपातील आणि अमेरिकेतील हवाई शर्यती व प्रात्यक्षिके यांत त्याचे नाव झळकू लागले. डिसेंबर १९१२ मध्ये ट्युनिस येथे ५,६०० मीटरहून अधिक उंची गाठून त्याने जागतिक विक्रम नोंदविला.

परंतु त्याला अजरामर केले ते २३ सप्टेंबर १९१३ च्या उड्डाणाने. त्या दिवशी पहाटे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील फ्रेझ्युस येथून मोरान-सोल्निए कंपनीच्या एकपंखी विमानातून तो निघाला. खाली अथांग भूमध्य समुद्र, सोबतीला कुणी नाही, वाट दाखवायला होकायंत्र. कॉर्सिका बेटाच्या आसपास इंजिनात बिघाड झाला, तरीही तो मागे फिरला नाही. सुमारे ७८० किलोमीटरचे अंतर ७ तास ५३ मिनिटांत कापून तो ट्युनिशियातील बिझर्त येथे उतरला. टाकीत त्या वेळी जेमतेम पाच लिटर इंधन उरले होते. भूमध्य समुद्र न थांबता ओलांडणारा तो पहिला वैमानिक ठरला. तेव्हा त्याचे वय पंचविशीलाही पोहोचले नव्हते.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध भडकले. लढाऊ विमान ही कल्पना तेव्हा बाल्यावस्थेत होती. वैमानिकाला सर्वांत सोयीचा नेम विमानाच्या नाकासमोरचा. पण तेथे पंखा फिरत असल्याने मशिनगन चालविली तर गोळ्यांनी स्वतःचाच पंखा तुटणार. यावर रेमाँ सोल्निए आणि गॅरोस यांनी उपाय योजला. पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसविण्यात आल्या, म्हणजे पात्यावर आदळणारी गोळी बाजूला फेकली जाई. एप्रिल १९१५ मध्ये अठरा दिवसांत गॅरोसने अशा विमानातून तीन जर्मन विमाने पाडली.

हाच शोध मग त्याच्या देशावर उलटला. १८ एप्रिल रोजी त्याला बेल्जियममध्ये शत्रूच्या हद्दीत उतरावे लागले. विमान पेटवून देण्याचा त्याचा प्रयत्न फसला आणि पाचरी बसविलेला पंखा जर्मनांच्या हाती पडला. त्यांनी तो अभियंता अँथनी फोकर याच्यापुढे ठेवला. पाते समोर असताना बंदूक आपोआप थांबावी, अशी यंत्रणा बसविण्याच्या कल्पना जर्मनीत आधीपासून घोळत होत्याच. गॅरोसच्या पंख्याने त्यांना निकड दिली. काही आठवड्यांतच फोकरने ही यंत्रणा सिद्ध केली आणि पुढील कित्येक महिने जर्मन विमानांनी मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांना सळो की पळो करून सोडले.

गॅरोसच्या वाट्याला जवळजवळ तीन वर्षांचा बंदिवास आला. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत रवानगी होत राहिली. पलायनाचे प्रयत्न फसत गेले आणि प्रकृती ढासळली. अखेर फेब्रुवारी १९१८ मध्ये आन्सेल्म मार्शाल या सहकाऱ्यासह जर्मन अधिकाऱ्यांचा वेश करून तो माग्देबुर्गच्या छावणीतून निसटला. हॉलंड आणि इंग्लंडमार्गे तो मायदेशी परतला.

येथे त्याला थांबता आले असते. देशाने त्याला वीर मानले होते. सुरक्षित जागी बसून सल्लागाराचे काम करण्याचा मार्ग त्याच्यापुढे खुला होता. दृष्टी अधू झाली होती. तीन वर्षांत विमाने आणि हवाई लढाईचे तंत्र पार बदलले होते. तरीही गॅरोसने नव्याने प्रशिक्षण घेतले आणि पकडला जाण्यापूर्वी ज्या २६ क्रमांकाच्या तुकडीत तो होता, तिच्यातच परतला. २ ऑक्टोबर १९१८ रोजी त्याने चौथे विमान पाडले. तीनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, वूझिए गावाजवळ झालेल्या हवाई लढाईत त्याचे विमान कोसळले. दुसऱ्या दिवशी त्याचा तिसावा वाढदिवस होता. युद्ध संपायला पाच आठवडे उरले होते. पाच विमाने पाडणाऱ्याला 'एस' म्हणण्याची तेव्हा प्रथा होती. टेनिसमध्ये बिनतोड सर्व्हिसलाही हाच शब्द आहे. ज्याच्या नावाच्या मैदानावर दरवर्षी शेकडो 'एस' मारले जातात, तो स्वतः त्या बिरुदापासून एका विजयाने दूर राहिला.

त्याचे नाव टेनिसशी जोडले गेले ते १९२७ मध्ये. जाँ बोरोत्रा, जाक ब्रुन्याँ, आँरी कोशे आणि रने लाकोस्त या 'चार मस्केटियर्स'नी अमेरिकेला तिच्याच भूमीवर नमवून डेव्हिस करंडक फ्रान्सला आणला. पुढील वर्षी तो राखण्यासाठी पॅरिसला प्रशस्त स्टेडियम हवे होते. त्यासाठी पोर्त दोतेई भागातील जागा देण्यास 'स्ताद फ्रान्से' तयार झाली. तिचा अध्यक्ष होता एमिल लेसिअर. त्याने एकच अट घातली, स्टेडियमला आपल्या दिवंगत मित्राचे नाव द्यायचे. ती मान्य झाली. १९२८ मध्ये स्टेडियम खुले झाले आणि फ्रान्सने तेथे डेव्हिस करंडक राखला. फ्रेंच क्लबांच्या सदस्यांपुरती १८९१ मध्ये सुरू झालेली आणि १९२५ पासून परदेशी खेळाडूंनाही खुली झालेली राष्ट्रीय स्पर्धाही त्याच वर्षी येथे आली.

या मैदानाने कटू दिवसही पाहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी फ्रेंच सरकारने संशयित परदेशी नागरिकांना येथेच स्थानबद्ध केले. ज्याने स्वतः बंदिवास भोगला, त्याच्या नावाच्या वास्तूत निरपराध माणसे डांबली गेली. युद्धानंतर टेनिस परतले. १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश देणारी ही पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा ठरली. २००५ ते २०२२ या काळात राफेल नदालने चौदा वेळा येथे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवून या मातीशी आपलेही नाव जोडले.

विटांच्या चुऱ्याचा तो लाल थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. वाऱ्याने उडतो, पावसाने वाहतो आणि पुन्हा पसरावा लागतो. त्यावर उमटलेली पावले सामन्यागणिक पुसली जातात. वूझिएच्या दफनभूमीत विसावलेल्या गॅरोसचे नाव मात्र टिकले आहे. आकाशातला त्याचा पराक्रम आज थोड्यांनाच ठाऊक असेल. पण मित्राने घातलेल्या एका अटीमुळे दर उन्हाळ्यात सारे जग त्याचे नाव घेते.