रामन यांची नमुना सही

बँकेत असताना दिवसाअखेरी एका रुपयाचा फरक निघाला, तरी आम्ही तो सापडेपर्यंत उठत नसू. म्हणून सर चंद्रशेखर वेंकट रामन मला नेहमी आपल्यातले वाटतात. मुळात ते हिशेब खात्यातलेच. १९०७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्याला रुजू झाले. मध्ये रंगून आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली. (बदलीचे सुखदुःख बँकवाल्यांना काय सांगावे!) कलकत्त्यात ते कचेरीच्या आधी आणि नंतर बहूबाजारातल्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. १९१७ साली त्यांनी ही नोकरी सोडली आणि कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. माझ्या हातून निवृत्तीपर्यंत असे धाडस झाले नाही.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कृष्णन यांच्यासह त्यांना जे गवसले, तेही हिशेबातल्या फरकासारखेच. पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशकणांत कोटीत एखादाच रंग बदलून येतो. तो फरक रेणूंच्या कंपनांमुळे पडतो आणि प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो. आमच्या भाषेत, रेणूची नमुना सही. १९३० साली नोबेल मिळाले.

या सहीचा उपयोग मला पुतणीने सांगितला. ती इथेच, छत्रपती संभाजीनगरात, फार्मसी शिकली. वाळूज-चिकलठाण्याला औषधांचे कारखाने आहेत. गोळीत औषध कित्येकदा चिमूटभरच असते. बाकी लॅक्टोज, स्टार्च अशी भर. या भरीला निष्क्रिय म्हणतात. पण १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फिटच्या फेनिटॉइन औषधातले कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातले गेले. औषध तेवढेच, तरी रक्तात जास्त उतरू लागले आणि रुग्णांना विषबाधा झाली. आमच्या घरात बरीच वर्षे फिटची गोळी घेतली जाते. हे ऐकून मी गप्पच झालो.

म्हणून नवी गोळी बनवण्याआधी औषध आणि भर एकत्र करून काही आठवडे उष्ण, दमट हवेत ठेवतात. मग अवरक्त किरणांनी किंवा रामन पद्धतीने त्या मिश्रणाची सही घेऊन दोघांच्या मूळ सह्यांशी ताडून पाहतात. एखादी रेषा सरकली, पुसली गेली किंवा नवीच उमटली, की संशय घ्यायचा आणि पुढची तपासणी करायची.

ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी ती हकिगत १९७० साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला रामन बंगळुरूत गेले.