तंजावूरच्या खासदाराने दिल्लीऐवजी राज्य निवडले

तंजावूर : भोसले राजांच्या राजवाड्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावूरने १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेवर आर. वेंकटरमण यांना पाठवले. ४ डिसेंबर १९१० रोजी याच जिल्ह्यातील राजामडम येथे जन्मलेल्या या वकिलाने ‘छोडो भारत’ आंदोलनात कारावास भोगला होता.

१९५७ मध्ये पुन्हा विजयी होऊनही त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. तंजावूरचा दिल्लीतील आवाज गेला. मद्रास राज्याला मात्र उद्योगमंत्री मिळाला. १९६७ पर्यंत उद्योग, कामगार व वीज ही खाती सांभाळून त्यांनी राज्याच्या औद्योगिकीकरणाचा पाया घातला.

१९७७ मध्ये दक्षिण मद्रासमधून ते लोकसभेत परतले. पुढे अर्थ व संरक्षणमंत्री, उपराष्ट्रपती आणि १९८७ मध्ये राष्ट्रपती झाले. २७ जानेवारी २००९ रोजी त्यांचे निधन झाले.